लाडू फ्रीजरमधे आहेत

आई,

परवा व्हिडिओ कॉलवर तू "किती उतरलीस गं" म्हणालीस आणि मी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला, चुकलं माझं. आजारी बिजारी नाहीये मी, खरंच. मार्चपासून मौंजारो नावाचं शुगरचं इंजेक्शन घेतेय, शुगर निघाली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७.१ आलं आणि मला आजीचं कापलेलं पाऊलच आठवलं. औषध इथल्याच, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीचं आहे. रविवारी रात्री पोटाला पेन टेकवायचं, बटण दाबलं की टक, दहा मोजायच्या आत दुसरा टक, झालं. पोट हळू रिकामं होतं आणि डोक्यात सारखं चालायचं ना "आता काय खाऊ", ते थांबलंय.

इथली एक गोष्ट मला अजून कळत नाही. दर शुक्रवारी ऑफिसात दोन डझन डोनट येतात, सण नाही, वाढदिवस नाही, नुसता शुक्रवार. खोका उघडून ठेवतात आणि मेल टाकतात. कुणी कुणाला घे म्हणत नाही, अगं एकदाही नाही, प्रत्येकजण एकटा येतो, प्लॅस्टिकच्या सुरीने पाव तुकडा कापतो आणि उभ्याउभ्याच खातो, उरलेलं संध्याकाळी खोक्यासकट कचऱ्यात. आणि शेजारच्या फ्रीजमधे दोघीतिघींची हीच पेनं.

बाबा म्हणतात जिभेवर ताबा नाही, ते लागतं मला. इथे सरकारी संस्थेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं दिलं, दोन आठवडे ताजं, हवं तेवढं खा म्हणून. तयार खाण्यावर रोज ५०० कॅलरी जास्त गेल्या, २०१९ चा अभ्यास आहे. मी पहिली दोन वर्षं तेच खाल्लं, येऊन दमायचे गं.

मावशीबरोबर पाठवलेले डिंकाचे लाडू टाकले नाहीत, अर्ध्यातच पोट गच्च होतं एवढंच. काल खारकेचा तुकडा दाताखाली आला, तू खलबत्त्यात कुटलेला, रडूच आलं.

गच्चीच्या पत्र्याचे पैसे या महिन्यात जमणार नाहीत, इन्शुरन्सने दोनदा कागद परत केले, दोन महिन्यांचं औषध माझ्याच खिशातून गेलं. पुढच्या महिन्यात नक्की पाठवते, बाबांना सोसायटीत उसने मागू देऊ नको.

आणि साताऱ्याच्या स्थळाला नवा फोटो दिलास म्हणे. त्यांना शुगरचं आणि इंजेक्शनचं आधीच सांग, बंद केलं की वजन बऱ्याच जणांचं परत येतं. तूच सांग, बाबांवर ढकलू नको.

तुझी,
मनू