कोंबड्या बऱ्या आहेत, मीही बरी आहे

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

लीड्स, मार्च

ती. आईस आणि आबांस सा. न.

ड्युटी, जेवण, झोप सगळं तुला फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही. पत्राला कारण कोंबड्या. परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढं नर्सिंग शिकून साहेबाच्या देशात खुराडं झाडतीस!" आणि मागं आबा खोकले. तो खोकला मी ओळखते. फोनवर तुझ्यापुढं मला बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

कोंबड्या माझ्या नाहीत, मालकीणबाईंच्या आहेत. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, खाली वाकायला मनाई आहे. परसात सहा कोंबड्या आणि मुलगा ऑस्ट्रेलियात. मी बघते म्हटलं, तर त्यांनी आपण होऊन भाड्यात महिन्याला 100 पौंड सोडले. मला कुणी गडी म्हणून ठेवलेलं नाही. आणि बावड्याच्या घरी संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली कोण झाकायचं गं? तेव्हा कुणाला कमीपणा वाटला नव्हता.

ऑक्टोबरात व्हिडिओवर तू त्यांचे उघडे पडलेले गळे बघून "मानमोडी आली का काय" म्हणून घाबरली होतीस. रोग नव्हता. दिवस लहान व्हायला लागला की त्या जुनी पिसं झाडतात आणि थंडीच्या आत नवी आणतात. त्या दिवसांत अंडी बंद, आणि खाणं जास्त ताकदीचं घालावं लागतं, कारण पीस म्हणजे निव्वळ प्रथिन. नवीन पिसं फुटतात तेव्हा पाठीवर निळसर काड्या उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. त्यात रक्त असतं, हात लावलेला त्यांना खपत नाही. त्यातली एक सगळ्यांना टोचत फिरते, तिला मी चिमाकाकी म्हणते. हे पेठेत कुठं बोलू नकोस.

पुढं हिवाळाभर अंडं जवळजवळ नाहीच. भरात अंडी द्यायला कोंबडीला 14 तास तरी उजेड लागतो. आपल्याकडं डिसेंबरातसुद्धा 11 तासांचा दिवस असतो. इथं तेव्हा साडेसात तासही भरत नाहीत, पावणेचारला सूर्य बुडतो. मी ड्युटीवरनं येईपर्यंत त्या कधीच्या दांडीवर बसलेल्या असतात. दार आपोआप लागणारं आहे, उजेड गेला की पडतं, तेव्हा आबांनी कोल्ह्याची काळजी करू नये. कोल्हे इथं भर वस्तीत फिरतात हे मात्र खरं आहे.

तू खुराड्याला बारदान गुंडाळ म्हणालीस. गुंडाळलं नाही, मुद्दाम. थंडीपेक्षा दमट हवा वाईट. सगळीकडनं बंद केलं तर त्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आतच कोंडते, तुऱ्यावर बसते आणि गोठते, मग तुऱ्याची टोकं काळी पडतात. म्हणून छताखाली झरोके उघडे ठेवायचे, अंगावर थेट वारा येणार नाही एवढं बघायचं. बसायची दांडी गोल नाही, रुंद चपटी, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली राहतात. तुऱ्याला व्हॅसलीन लावते. दिवा लावत नाही, भुश्याला आग लागायची. पाणी तेवढं सकाळी फोडावं लागतं. हातमोजे आहेत मला, दोन जोड, काळजी करू नकोस.

आता इथला एक कायदा सांगते, आबांना वाचून दाखव, त्यांचा विश्वास बसणार नाही. स्वयंपाकघरातलं काहीही कोंबडीला घालायचं नाही. शिळा भात, भाकरीचा तुकडा, कांद्याची साल, काकडीची देठं, काही म्हणजे काही नाही. रिवाज नव्हे, कायदा! हौसेनं पाळलेली असली, अंडी घरातच खायची असली तरीही. झालं असं की 2001 साली इथं लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. कुणा डुक्करवाल्यानं हॉटेलातलं खरकटं न उकळता डुकरांना घातलं, तिथनं पसरली असं चौकशीत निघालं. 60 लाखांवर जनावरं मारली सरकारनं. तेव्हापासून खरकट्याचा धसका. पण आई, गंमत पुढं आहे. परसातल्या वाफ्यातला कोबी चालतो. तोच कोबी धुवायला ओट्यावर नेला की चालत नाही! स्वयंपाकघरात मांस-दूध असतं, त्याचा संसर्ग भाजीला लागेल म्हणून. मांस, दूध, अंडं यातलं काहीच ज्या घरात शिजत नाही त्यांना सूट आहे, म्हणजे आपल्याला जन्मात नाही. मालकीणबाई परवा खिडकीतनं काठी हलवून ओरडत होत्या, कारण मी कोबीचा गड्डा घेऊन मागच्या दाराकडं वळले होते. मग वाफ्यातनं सरळ खुराड्याकडं नेला, सुतळीनं टांगला. पोरी उड्या मारमारून टोचतात, अर्ध्या दिवसात नुसता दांडा उरतो. बर्ड फ्लूच्या साथीत कोंबड्या आत कोंडायचा हुकूम निघतो, तेव्हा हाच विरंगुळा. 2022 च्या नोव्हेंबरात निघालेला हुकूम पुढच्या एप्रिलात उठला म्हणे. एक कोंबडी असली तरी सरकारात नोंद लागते. चिमाकाकीची कागदपत्रं माझ्यापेक्षा चोख आहेत.

आता दिवस वाढतोय, अंडी परत सुरू झालीत. काल चार मिळाली. मी कांदा-लसूण चटणी घालून पोळी करते, मालकीणबाईंना ठसका लागतो तरी मागतात. डबा तळाला आलाय, पण पाठवायला कुरिअर करू नकोस, उगीच खर्च.

तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? "बरंय" म्हणू नकोस, फोटो पाठव. जिना चढउतार कमी कर. हे मी सांगते आणि इथं दुसऱ्याच कुणाला धरून चालवते, ते असो.

संदीपच्या लग्नाचं. मुहूर्त मेमध्ये धरलाय हे कळलं. माझा व्हिसा त्याच सुमाराला वाढवायचा आहे, आणि अर्ज आत असताना देश सोडला तर तो रद्द होतो. म्हणून मला येता येणार नाही. संदीपला मी सांगितलंय, तो "ठीकाय" म्हणाला, जास्त बोलला नाही. हॉलचे पैसे शनिवारी खात्यावर येतील, आबांनी कर्ज काढू नये. कोंबड्यांपायी भाड्यातले सुटलेले पैसे वेगळे ठेवलेत, त्यातनं नव्या वहिनीला गुजरीत कोल्हापुरी साज करायला टाक. कमी पडलं तर कपाटातलं माझ्या नावाचं सोनं त्यात घाल. मोडणार नाही म्हणशील, पण लाखाच्या वर भाव गेलाय तोळ्याला, आणि माझं काही एवढ्यात नाही. शिरोळच्या लोकांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं, थांबले तर ठीक, नाहीतर राहू दे. पत्रिका मात्र त्यांच्याकडनं परत मागून घे.

तुमची,
पूनम

ता. क. हळदीला करवली म्हणून आत्तीच्या सोनालीला उभी कर. माझी हिरवी पैठणी तिला होईल, ब्लाउज तेवढा उसवावा लागेल.