युरोपचे पर्याय दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचावेत

संपादक महोदय,

रोजच्या खरेदीचे पैसे चुकते करण्यासाठी अमेरिकी कंपन्यांवर किती विसंबावे, या युरोपातील वादाकडे स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तो आधी व्यवहाराचा प्रश्न आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये युरो क्षेत्रातील कार्ड व्यवहारांपैकी सुमारे ६१ टक्के व्यवहार आंतरराष्ट्रीय कार्ड कंपन्यांच्या, म्हणजे मुख्यतः व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या, जाळ्यातून झाले; या आकडेवारीतील युरो वापरणाऱ्या २० देशांपैकी १३ देशांकडे तर स्वतःची कार्डव्यवस्थाच नव्हती.

हे परावलंबन युरोपने बऱ्याच अंशी स्वतःच ओढवून घेतले आहे. युरोपे ही युरोपीय कार्ड संस्था २००२ मध्ये मास्टरकार्डमध्ये विलीन झाली आणि युरोपीय बँकांच्याच मालकीची व्हिसा युरोप २०१६ मध्ये अमेरिकी कंपनीला विकली गेली. दरम्यान, स्वतःचे सामायिक कार्ड उभारण्याचा बँकांचा ‘मोने’ प्रकल्प २०१२ मध्ये गुंडाळला गेला. युरोपीय संघाने २०१५ मध्ये बँकांना मिळणाऱ्या कार्ड शुल्कावर डेबिटसाठी ०.२ आणि क्रेडिटसाठी ०.३ टक्के अशी मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु कार्ड कंपन्या स्वतः जे शुल्क आकारतात त्यावर अशी मर्यादा नसल्याने व्यापाऱ्यांची तक्रार आजही कायम आहे.

शुल्कापेक्षा गंभीर बाब नियंत्रणाची आहे. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी गोपनीय सरकारी कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सला जाणाऱ्या देणग्या रोखल्या, तेव्हा युरोपातील देणगीदारांचे पैसेही अडले. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या न्यायाधीशांवर निर्बंध लादले, आणि अशा निर्बंधांखालील व्यक्तीला अमेरिकी कार्ड कंपन्या सेवा देऊ शकत नाहीत. आपल्याच देशात, आपल्याच बँकेतील पैशाने केलेली खरेदी परदेशी सरकारच्या निर्णयाने थांबू शकते, ही स्थिती कोणत्याही लोकशाही समाजाने स्वीकारू नये असे मला मनापासून वाटते.

पर्याय नाहीत असे मुळीच नाही. स्वीडनचे स्विश, स्पेनचे बिझम, पोलंडचे ब्लिक, पोर्तुगालचे एमबी वे ही मोबाइलवरून पैसे देण्याची साधने त्या त्या देशात लोकांच्या अंगवळणी पडली आहेत. मात्र त्यांची मुळे आपापल्या देशात आहेत आणि सीमेपलीकडे गेले की त्यांचा फारसा उपयोग होत नाही. जर्मनीच्या गिरोकार्डचे उदाहरण बोलके आहे: हे कार्ड देशात जवळजवळ सर्वत्र चालते, पण परदेशात वापरायचे तर त्यावर अमेरिकी कंपनीचेही चिन्ह असावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपीय बँकांनी जुलै २०२४ मध्ये वेरो ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा जर्मनीत सुरू केली आणि नंतर ती फ्रान्स व बेल्जियममध्ये नेली. तिचा पाया एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात होणाऱ्या तत्काळ हस्तांतरणाचा आहे. युरो क्षेत्रातील बँकांनी असे हस्तांतरण १० सेकंदांत स्वीकारणे जानेवारी २०२५ पासून, तर पाठवणे ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाले असून त्यासाठी साध्या हस्तांतरणापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही.

माझा आक्षेप क्रमाला आहे. वेरोची सुरुवात ओळखीच्या व्यक्तींना पैसे पाठवण्यापासून झाली आणि दुकानातील वापर पुढच्या टप्प्यावर ढकलला गेला. वस्तू आलीच नाही किंवा सदोष निघाली, तर कार्डधारकाला बँकेमार्फत पैसे परत मागता येतात. खात्यातून खात्यात गेलेली रक्कम मात्र सहसा परत येत नाही. हे संरक्षण नव्या सेवेत सुरुवातीपासून आणि लेखी स्वरूपात असल्याशिवाय ग्राहक जुने कार्ड सोडणार नाहीत, व त्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. डिजिटल युरो, म्हणजे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे प्रस्तावित डिजिटल चलन, त्यासाठीचा कायदा वेळेत झाला तरी २०२९ च्या सुमारास येईल, असे ती बँकच सांगते. म्हणून तोपर्यंत थांबून न राहता, राष्ट्रीय सेवा परस्परांशी जोडण्याचे काम बँकांच्या मर्जीवर न सोडता युरोपीय आयोगाने त्याला कालमर्यादा घालावी.

आपला,
एक वाचक