मागचा शॉक बदलण्याआधी उघडून पाहा

मा. संपादक,

रेसिंग मोटारसायकल वळणातून बाहेर पडताना मागून डोलू लागली की सल्ला ठरलेला: शॉक ॲब्सॉर्बर बदला, महागातला बसवा. हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. थकलेल्या जुन्या शॉकसमोर कोरा नवा ठेवला तर नवाच सरस वाटणार. तुलना करायचीच, तर आधी जुना रिबिल्ड करावा, म्हणजे उघडून झिजलेले भाग आणि ऑइल बदलावे.

सुरुवातीच्या फेऱ्या ठीक, मग तापल्यावर रिबाउंड (दाबलेला शॉक परत उलगडताना त्याला आवरणारा रोध) सुटतो, हे बहुधा ऑइल थकल्याचे किंवा नायट्रोजन गळून ऑइलला फेस येत असल्याचे लक्षण. ऑइल, सील हेड, पिस्टन बँड, ब्लॅडर (नायट्रोजनची रबरी पिशवी) आणि ताजा नायट्रोजन एवढ्यावर ते भागते. नायट्रोजनऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरू नये. तिच्यात ओलावा असतो. ऑइलही डब्यावरच्या 'डब्ल्यू'च्या आकड्यावरून घेऊ नये, तो कंपनीगणिक बदलतो. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटीस्टोक (ऑइलच्या घट्टपणाचे एकक), ते पाहावे.

उघडण्याआधी क्लिकर (डॅम्पिंग, म्हणजे ऑइलचा रोध, कमी-जास्त करायचा स्क्रू) पूर्ण बंद होईपर्यंतचे क्लिक मोजून लिहून ठेवावेत. गॅस पूर्ण सोडल्याशिवाय सर्क्लिपला (कॅप अडवून धरणाऱ्या कडीला) हात लावू नये. दाबाखालची कॅप उडून जीवावर बेतू शकते. रॉडच्या टोकाचे आटे ठोकून फुलवलेले असतील, तर ते कानशीने घासल्यावरच नट फिरवावा, नाहीतर आटे गेलेच म्हणून समजा. शिम (पिस्टनवरच्या पातळ चकत्या) निघतील त्याच क्रमाने तारेत ओवाव्यात. ऑइल भरताना रॉड सावकाश वरखाली करून बुडबुडे पूर्ण थांबू द्यावेत. घाई नडते ती इथेच: हवा आत राहिली की स्ट्रोकच्या सुरुवातीला डॅम्पिंग पोकळ लागते.

खरी गोम बऱ्याचदा स्प्रिंगमध्ये असते. रायडर बसल्यावर सॅग (वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते) साधारण ३० मिमी लावावा आणि मग रिकाम्या गाडीचा मोजावा. तो ५ ते १० मिमीच्या आसपास हवा. शून्य आला तर स्प्रिंग मऊ आहे, प्रीलोडने (स्प्रिंग आधीच दाबून ठेवून) ओढूनताणून भागवले आहे. फार जास्त आला तर ती कडक. कडक स्प्रिंग बसवली की रिबाउंडही वाढवावा लागतो, हे मात्र विसरले जाते. चुकीच्या स्प्रिंगवरच्या भारी शॉकपेक्षा योग्य स्प्रिंगवरचा रिबिल्ड केलेला शॉक केव्हाही बरा.

बदलणे रास्त कधी? बॉडी प्रेस करून बंद केलेली असेल, रॉडच्या क्रोमला खड्डे पडलेत आणि सुटा रॉड मिळत नसेल, किंवा रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (शॉक दाबला जातानाचा रोध) कमी-जास्त करायची सोयच नसेल तेव्हा. आधी आपल्या क्लासच्या नियमांत दुसरा शॉक चालतो का, ते वाचावे. नव्या शॉकची लांबी जुन्याशी ताडून घ्यावी: लिंकेजमुळे (शॉक मागच्या चाकाच्या भुजेला जोडणाऱ्या दुव्यांमुळे) शॉकमधला १ मिमीचा फरक मागच्या चाकाशी दोन-अडीच मिमी होऊ शकतो आणि स्विंगआर्मचा, म्हणजे त्या भुजेचा, कोन बदलतो.

शॉक उतरवलाच आहे, तर लिंकेजची नीडल बेअरिंगही हाताने फिरवून पाहावीत. ती कोरडी पडून अडकत असतील, तर शॉक कोणताही असो, सॅग प्रत्येक वेळी वेगळाच भरेल.

आपला,
एक सस्पेन्शन मेकॅनिक