पाककृतीत तेलाचंही माप छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या ‘लो-कार्ब’, म्हणजे कर्बोदकं (पिष्ट, साखर) कमी असलेल्या, पाककृती मी आवर्जून वाचते. सांगलीत विश्रामबागेत मी घरगुती डबे देते आणि त्यातले बरेच डबे आता ‘भात-पोळी नको’ म्हणणाऱ्यांचे असतात. या पाककृतींत पनीर, बदाम ग्रॅममध्ये दिलेले असतात. तेलातुपापाशी आलं की मात्र ‘आवडीप्रमाणे’. वजन उतरवण्यासाठी ज्याने भाकरी सोडली, त्याचं गणित नेमकं तिथेच बिघडतं.

माझी फोडणीची पळी मी काट्यावर मोजली. काठोकाठ भरली की 27 ग्रॅम तेल बसतं. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे पळीभर तेलाच्या 240 च्या वर झाल्या. 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी 170 च्या आसपास भरते. दोन भाकऱ्या सोडल्या आणि भरल्या वांग्यात माणशी पळीभर तेल नि मूठभर दाण्याचं कूट गेलं, तर सोडलं त्याहून जास्तच पोटात आलं. कूट, सुकं खोबरं, तीळ यांतलं तेल तर आपल्याकडे कुणी हिशेबातच धरत नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, सुक्या खोबऱ्यात त्याहून अधिक.

माझ्याकडून डबा नेणाऱ्या एका काकांचं वजन सुरुवातीला भराभर उतरलं, मग काटा हलेना. पहिली उतरण बरीचशी पाण्याची असते. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा कमी झाला की त्याने धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. चरबी झडायचं खरं काम त्यानंतरचं. काका रोज सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे तूप घालून घेत होते. कार्ब बंद केले की तूप कितीही चालतं, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. पण वरून तूप मिळत राहिलं तर शरीर तेच जाळणार, पोटावरच्या साठ्याला ते कशाला हात लावेल? मग कॉफीतलं तूप बंद केलं, भाजी चहाच्या दोन चमचे तेलात करू लागले, रश्श्यावरचा कट काढून द्यायला लागले. अंडी, दही, मासे, सोयाबीनच्या वड्या यांना मात्र हात लावला नाही, कारण प्रथिनं कमी झाली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दोनेक महिन्यांत काकांचा पट्टा एक भोक आत गेला.

तेल पार तोडावं असं मी म्हणत नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतातच. शिवाय ते जवळपास बंद करून झपाट्याने वजन उतरवलं, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो. वजन हवं तिथे आलं की तेल थोडं वाढवावं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर वर्षभर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं वजन सरासरी 5.3 किलो उतरलं, कमी कार्ब खाणाऱ्यांचं 6 किलो. हा फरक संशोधकांनी लक्षणीय मानला नाही. तेव्हा नुसता भात सोडल्याने काही होईल, या भरवशावर तुपाचा डबा उघडा ठेवू नये.

मधुमेह्यांसाठीची सूचना तर अशा प्रत्येक लेखात ठळक हवी. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना अचानक कार्ब तोडले तर साखर धोकादायक उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यायला हवा.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारपासून प्रत्येक पाककृतीत माणशी किती चहाचे चमचे तेल-तूप आणि किती ग्रॅम कूट-खोबरं, हे छापावं.

आपली,
डबे करणारी एक वाचक, सांगली