अपडेटमध्ये नेमके काय बदलले, ते सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोबाइलमधील अपडेटच्या कटकटीविषयी वाचकांची पत्रे आपल्या सदरात वाचली. पूर्वी एकदा फ्लॉपी विकत घेतली की त्यातील चुकांसह ती आयुष्यभर वापरावी लागे, असे त्यांतील एका पत्रात म्हटले आहे. संगणक दुरुस्तीच्या धंद्यात हयात घालवल्यामुळे सांगावेसे वाटते, की ते तितकेसे खरे नाही; दुरुस्त्या तेव्हाही फोनच्या तारेवरून मिळत.

१९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा पहिला बुलेटिन बोर्ड, म्हणजे संगणकावरून फोन लावून निरोप वाचण्या-लिहिण्याचा फलक, सुरू केला. पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनी स्वतःचे असे बोर्ड उघडले, किंवा कॉम्प्युसर्व्हसारख्या, तासाला पैसे मोजाव्या लागणाऱ्या ऑनलाइन सेवेवर आपापली दालने थाटली. तिथे एका ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना वाचता येई आणि कित्येकदा कंपनीच्या इंजिनिअरआधी दुसरा एखादा ग्राहकच ते देऊन मोकळा होई.

खरी अडचण वेगाची होती. सेकंदाला २४०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवरून (संगणक फोनला जोडणाऱ्या यंत्रावरून) एक भरलेली फ्लॉपी उतरवायला, लाइन अजिबात तुटली नाही तरी, पावणेदोन तासांच्या आसपास लागत. त्यामुळे अख्खा प्रोग्रॅम पुन्हा पाठवणे परवडणारे नव्हते. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम युजनेट या संगणकांवरील चर्चेच्या जाळ्यावर खुला केला, त्याने हा प्रश्न फार सुरेख सोडवला. प्रोग्रॅमच्या लेखकाने त्याच्या मूळ मजकुरातल्या (सोर्स कोडमधल्या) फक्त बदललेल्या ओळी आणि त्यांच्या आगेमागे दोन-चार जुन्या ओळी पाठवायच्या. पॅच त्या खुणेने तुमच्या प्रतीत नेमकी जागा शोधून बदल करी आणि जागा सापडली नाही, तर तो तुकडा जबरदस्तीने न घुसवता वेगळ्या फाइलीत काढून ठेवी. बदल लावण्याआधी तो डोळ्यांनी वाचता येत असे, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

१९९६ साली मुंबईत व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीच्या शेल अकाउंटवरून (फोन लावून त्यांच्या यंत्रावर आज्ञा टाइप करून वापरायच्या इंटरनेट खात्यावरून) आम्ही प्रिंटरचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे प्रोग्रॅम, उतरवत असू. फाइल आधी त्यांच्या यंत्रावर येई, मग तिथून झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने आमच्या पीसीवर. शेजारच्या खोलीत कोणी एक्स्टेन्शनचा रिसीव्हर उचलला की संपलेच. मात्र पुन्हा फोन लावल्यावर झेडमोडेम जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू करी. काय बदलले ते सांगणारी, सोबत आलेली ‘रीडमी’ फाइल आम्ही आधी वाचत असू आणि तीत आपल्या गिऱ्हाइकाची तक्रार नसेल, तर ड्रायव्हर बदलतच नसू.

ते सगळेच चांगले होते असे माझे म्हणणे नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरणारा प्रोग्रॅम पसरला, तेव्हा त्यावरचा उताराही नेटवर्कवरूनच पाठवला गेला आणि घाबरून ज्यांनी आपली यंत्रे नेटवर्कपासून तोडली होती, त्यांना तो उशिरा मिळाला. सुरक्षेची दुरुस्ती आज आपोआप होते, ते योग्यच आहे.

परंतु गेल्या महिन्यात माझ्या बँकेचे ॲप रातोरात बदलले, पासबुकाचे बटण जागेवरून नाहीसे झाले आणि माहितीच्या चौकटीत ‘त्रुटी दूर केल्या, कार्यक्षमता सुधारली’ एवढेच इंग्रजीत लिहिलेले होते. मदतीसाठी चॅट उघडले, तर तेथील यंत्र तेच चार पर्याय फिरवून फिरवून दाखवत राहिले. शेवटी सोसायटीच्या वॉचमनने बटण शोधून दिले. माझ्यासारखेच तेच विचारणारे आणखी किती जण असतील, आणि प्रत्येकाला उत्तर स्वतंत्रपणेच शोधावे लागले असेल.

म्हणून मागणी साधी आहे. बँका, वीज कंपन्या आणि सरकारी खात्यांनी आपल्या ॲपच्या प्रत्येक अपडेटबरोबर कोणते बटण कुठे गेले आणि कोणती चूक दुरुस्त झाली, हे मराठीत पाच-सहा ओळींत लिहावे, आणि ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न, त्यांच्या उत्तरांसह, सर्वांना वाचता येतील असे ठेवावेत.

आपला,
एक निवृत्त संगणक दुरुस्तीकार,
दादर, मुंबई