जागरणाबद्दल लिहिणार नव्हते

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर आपलं वाजलं ते मनातून जात नाही. स्वाध्याय शेऱ्यांनी भरून परत आला, दूरशिक्षणाचा हा कथालेखनाचा कोर्सच सोडते, असं तू म्हणालीस आणि मी विचारलं काय, तर रात्री झोपतेस कधी. चुकलंच माझं. या पत्रात तो विषय नाही.

तुझी कथा काढून पुन्हा वाचली. शेरे अकरा असले तरी दुखणी तीनच. कथा २,००० शब्दांची आणि पहिल्या ४०० शब्दांत वसुधा नुसती उठते, आवरते, बसची वाट बघते. पाकीट तिच्या हातात पडतं तिथूनच सुरू कर. मागचं काही लागलंच तर पुढे दोन वाक्यांत उरकतं. दुसरं म्हणजे, सगळी कथा वसुधाच्या नजरेतून चाललेली असताना मध्येच ‘सासऱ्यांना तिची दया आली’ येतं. हे तिला कसं कळलं? त्यांनी चष्मा काढून ठेवला, एवढंच तिला दिसू शकतं. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात लिही, हे कोण बघतंय. एका परिच्छेदाला दोन नावं आली की घोळ तिथेच. तिसरं दुखणं शेवटाचं. शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाच. कथा पुरी होते ना? मग आपल्याला काय उमगलं हे वसुधाने सांगायची गरजच नाही.

आणि ती पाकीट न फोडता उशाखाली ठेवते, ते कुठून सुचलं गं तुला? त्याला हात लावू नकोस.

पुन्हा द्यायला चार आठवडे आहेत म्हणालीस. पहिल्या आठवड्यात नवा खर्डा, बरावाईट न बघता. दुसऱ्यात फाइल उघडायचीच नाही. गटातल्या दोघांच्या कथा वाचून अभिप्राय दे. ‘छान’ नको, कुठे लक्ष उडालं ते सांग. दुसऱ्याच्या कथेत दिसलेली खोट मग आपल्यातही दिसते. तिसऱ्या आठवड्यात मोठी कापाकापी. चौथ्यात मोठ्याने वाच, जीभ अडखळेल तिथे खूण कर. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. आधी घासूनपुसून ठेवलेली वाक्यं मग कापवत नाहीत. हे रात्री दीडला करायचं काम नव्हे. थकलेले डोळे लिहिलेलं वाचत नाहीत, लिहायचं होतं ते वाचतात.

बघ, आलाच तो विषय.

दर खर्डा नव्या नावाने साठव. सोबतच्या टिपणात काय बदललं आणि का, हे लिहावं लागतं. मागच्या वेळी जुने खर्डे पुसून टाकलेस, म्हणून टिपण मोघम झालं आणि गुण तिथेही गेले. स्वाध्याय तपासणाऱ्या समंत्रकांनाही नेमकं विचार. ‘शेवट कसा वाटला’ नको. ‘शेवटचा परिच्छेद काढला तर पाकिटाचं काय झालं ते कळतं का’, असं. वर्गात हाच शेरा हसून सांगितला गेला असता. कागदावर त्याला चेहरा नसतो, म्हणून तो जास्त लागतो.

व्याख्यान झालं. रागावू नकोस. सातवीत तू तात्यांच्या डायरीत गोष्ट लिहिली होतीस. ते ओरडले नाहीत, पुढची चार पानं कोरी सोडून हिशेब लिहायला लागले. ती पानं अजून कोरीच आहेत.

बारावीच्या वर्षी जागरणांनी काय झालं, ते तुझ्यापेक्षा मला जास्त आठवतं. एवढंच.

सोडायचं की पुन्हा द्यायचं, ते तू ठरव. मुदतवाढ लागणार असेल तर तारीख उलटायच्या आत माग. पहाटे लिहायचं असेल तर साडेपाचला फोन करून मी उठवीन. फक्त आदल्या रात्री किती वाजता झोपणार, ते कळव.

तुझी,
आई