आपल्या गावाचं नि चर्चचं चित्र काढतोय, जुने फोटो आणि हातभार दोन्ही पाहिजेत

नमस्कार मंडळी, वसईतलं आपलं गाव जसं होतं तसं एका मोठ्या तैलचित्रात उतरवायचं कमिटीने ठरवलंय. समाज हॉलमध्ये लावणार आहोत. मध्ये चर्च असणारच, पण नुसतं चर्च नकोय, केळीच्या वाड्या, बावखल (पावसाचं पाणी साठायचं ते तळं), कौलारू घरं, मिस्साला निघालेल्या लाल लुगड्यातल्या बाया आणि रहाट, सगळं पाहिजे. आताच्या पोरांनी रहाट बघितलाच नाही हो, बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची आणि पाणी पाटाने थेट राजेळी केळीच्या बुंध्याशी. बावखलं तर बुजवत गेलो, त्यावर बिल्डिंगी आल्या, आता पावसाचं पाणी मुरायला जागाच नाही, ते घरात शिरतं.

1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते पुस्तकांत आहे, किल्ल्याचे फोटोही भरपूर मिळतात, पण आपल्या गावाचं चित्र आम्हाला कुठेच सापडलं नाही.

काढणारा मुलगा गावचाच, जे. जे. मध्ये शिकलेला, मेहनताना घेत नाहीये. कॅनव्हास, रंग, फ्रेम एवढा खर्च, शिवाय हॉलच्या भिंतीला ओल येते ती आधी बंद करावी लागेल नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरेल. 100 रुपये द्या, जास्त द्या, पावती सगळ्यांना मिळेल.

पण खरं अडलंय ते फोटोंवाचून. बावखल चर्चच्या डाव्या हाताला होतं की उजव्या, यावर दोन आजोबांचं अजून जमत नाहीये! तेव्हा घरातले जुने अल्बम काढा, लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे, मयतीचे फोटोसुद्धा चालतील, नवरा-नवरीच्या मागे जे दिसतं ना तेच आम्हाला हवंय. चिकटलेले फोटो ओढून काढू नका, फाटतात, अल्बममध्येच ठेवून दिवसाउजेडी फ्लॅश बंद करून मोबाईलने काढा. गल्फ, कॅनडाला असलेल्यांनी घरच्यांना आठवण करा प्लीज, आणि आजी-आजोबांना विचारायचं राहून गेलं असं होऊ देऊ नका.

फोटो आणि पैसे रविवारच्या मिस्सानंतर हॉलमध्ये घेतो, क्यूआर कोड नोटीस बोर्डवर लावलाय. रंग लावण्याआधी पेन्सिल स्केच हॉलमध्ये ठेवू, कुठे चुकलंय वाटलं तर तिथेच खूण करा.